अर्ध्या मजुरीचे नवरदेव

धर्माजी चुरीच्या पानवाडीत मजुरीचे दोनच भाव होते. पोराला बारा आणे, बाप्याला दीड रुपया. नवे पैसे येऊन नऊ वर्षं झाली होती, पण बोईसर-तारापूर रस्त्याच्या कडेच्या त्या दोन एकरांत अजून आण्यांचंच राज्य चालू होतं. आता पोर कुठं संपतो आणि बाप्या कुठं सुरू होतो, हे ठरवायचं कसं? वय विचारून उपयोग नव्हता. गडी सगळे शेजारच्या वारली पाड्यावरचे. एक म्हणे, वाघानं आमचा बैल नेला त्या पावसाळ्यात मी जन्मलो. दुसरा म्हणे, मी त्याच्या मागचा की पुढचा ते आयेला ठाऊक, आणि आय तर मेली. तेव्हा धर्माजीच्या वडिलांनी फार पूर्वीच एक सोपी खूण धरून ठेवली होती. लग्न झालं तो बाप्या, नाही झालं तो पोर. मग त्या पोराला मिशा का फुटेनात.

धर्माजीला हा नियम नुसता सोयीचा नव्हे, न्यायाचाही वाटे. लग्न झालेल्याच्या मागं खाणारी तोंडं असतात, त्याला दीड रुपया हवाच. सडाफटिंग पोराला पूर्ण मजुरी दिली तर तो संध्याकाळी ताडाच्या झाडाखाली जाऊन बसणार, म्हणजे त्याला बिघडवल्याचं पाप आपल्या माथी. बारा आणे देऊन आपण पाड्यावरच्या पोरांची चाल राखतो, असं तो ओटीवर बसून आल्यागेल्याला सांगे. त्यात आपले बारा आणेही राखले जातात, एवढं मात्र सांगायचं राहून जाई.

माणूस तसा वाईट नव्हता. दर शनिवारी दुपार उतरली की मजुरी हातावर, कधी चुकायची नाही. कुणाला ताप आला तर मंगला, त्याची बायको, काढा करून पाठवी. आणि धर्माजीच्या मागं व्याप कमी नव्हते. इंजिनाचं तेल महागलं होतं, पेंड महागली होती, पानं भरायच्या करंड्या महागल्या होत्या. पानांचा भाव मात्र मुंबईचा दलाल ठरवी. भाव वाढवून मिळावा म्हणून धर्माजीनं त्याला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की भाव आपल्या हातात नाही, तो बाजार ठरवतो. बाजार कुठं राहतो, त्याचा पत्ता काही दलालानं कळवला नव्हता. मंगलाला तीन वर्षांपासून रेडिओ हवा होता आणि दर चैत्रात धर्माजी तो पुढच्या चैत्रावर ढकलत होता.

ही गोष्ट सहासष्ट सालच्या चैत्रातली. चैत्र म्हणजे पानवाडीचा जीव कंठाशी येण्याचा महिना. तिकडे मुंबईत लग्नसराई, पानाला मागणी. इकडे ऊन असं की चार दिवस पाणी चुकलं तर तीन वर्षं वाढवलेली वेल मान टाकते. इंजिन विहिरीतून पाणी ओढत होतं, पण ते वाफ्यावाफ्यात वळवायला, शिडीवर चढून वेली बांधायला आणि पानं खुडायला माणसंच लागत. धर्माजीकडे सात माणसं होती. तिघं बाप्ये, चौघं पोरं. या सातांवर त्याचं वर्षभराचं पोट होतं.

आणि नेमकं त्याच सुमाराला तारापूरला विजेच्या मोठ्या कारखान्याचं काम जोरात आलं. रोज पहाट फुटली की कंत्राटदाराचा ट्रक नाक्यावर उभा राही. मुकादम हिंदी बोलणारा. तो फक्त एवढंच विचारी की फावडं उचलता येतं का. येत असेल तर सव्वादोन रुपये. पोर नाही की बाप्या नाही.

पाड्यावरचा जिवल्या हा धर्माजीच्या चौघा पोरांतला पहिल्या नंबरचा. विशीच्या आसपासचा असेल. शिडीवर असा चढे की शिडीलाही पत्ता लागू नये, आणि तीन बाप्यांनी मिळून खुडावी तेवढी पानं एकटा खुडी. एका सकाळी तो ओटीसमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं पूर्ण मजुरी मागितली. धर्माजीनं त्याला नियम सांगितला. जिवल्यानं तो नीट ऐकून घेतला. मग म्हणाला, "शेट, लगनाला पैसा लागतो. पैसा तू अर्धा देतो. मंग लगीन व्हायचं कसं?"

पाड्यावरची माणसं सगळ्या जगाला 'तू' म्हणत. शेटला, फौजदाराला, देवालाही. त्याचा धर्माजीला राग नव्हता. या प्रश्नाचं तर त्याला हसूच आलं. घाई कशाला, बायको काय पळून चालली आहे, असं त्यानं विचारलं.

"बायको नाय जात," जिवल्या म्हणाला, "टरक रोज जातो."

इथं धर्माजीला शहाणपणा सुचला. सगळे गडी ऐकत होते, तेव्हा चांगला आवाज चढवून त्यानं शब्द दिला की लगीन करून ये, त्या दिवसापासून दीड रुपया. लग्न म्हणजे तांदूळ आले, ताडी आली, मुलीच्या बापाला द्यायचा पैसा आला. बारा आण्यांतून तो जमायला जिवल्याला तीन वर्षं तरी लागणार आणि तोवर कारखान्याचं कामही उरकलेलं असेल, असा त्याचा हिशेब होता.

जिवल्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या सकाळी तो आला तो बरोबर कमळी नावाच्या मुलीला घेऊन. तिच्या एका हातात गाठोडं होतं आणि बगलेत कोंबडी. जिवल्यानं सांगितलं की ही माझ्या घरात आली, राहिली, आता मी बाप्या. कोंबडीनंही मान हलवून दुजोरा दिला.

धर्माजी वकील झाला असता तर नाव काढलं असतं. त्यानं उलटतपासणी सुरू केली. भिंतीवर चौक कुणी लिहिला? तांदळाच्या पिठानं वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक काढतात, तो त्यानं लहानपणी पाड्यावर पाहिला होता. लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी कोण होती? मांडव कुठं पडला? जिवल्या एकेका प्रश्नाला खाली बघत गेला. शेवटी धर्माजीनं निकाल दिला.

"चौक नाय, धवलेरी नाय, म्हंजे लगीन नाय. हे नुसतं येऊन राहणं. असल्यांना मी बाप्या धरत नाय."

हेही त्यानं मोठ्यानंच सांगितलं, उगाच उद्या आणखी कुणी बगलेत कोंबडी घेऊन यायला नको. कमळीनं एवढंच विचारलं की याला आपल्या लग्नाची एवढी काळजी कशापायी? जिवल्या वाडीत गेला आणि बारा आण्यांच्या शिडीवर चढला. आत मंगला पानं निवडत बसली होती. तिनं नवऱ्याला ऐकवलं की लोक लग्नं जुळवून पुण्य मिळवतात, तुम्ही ओटीवर बसून जुळलेलं मोडता. धर्माजी म्हणाला, बायकांना धंद्यातलं कळत नाही. ती गेली अठरा वर्षं रोज हजारो पानं निवडत होती, हा धंदाच होता, पण ते त्या वेळी त्याच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी मजुरीला सगळे जमले. पहिला नंबर नेहमी देवूचा. देवू हा धर्माजीचा मुख्य गडी, पंचेचाळिशीचा, बावीस वर्षं वाडीत. नवसी नावाची खमकी बायको, चार पोरं, त्यातला थोरला चिंतू वाडीतच अर्ध्या मजुरीवर. धर्माजीनं त्याच्या हातावर नऊ रुपये ठेवले. देवूनं ते मोजले, त्यातले साडेचार काढले आणि परत ओटीवर ठेवले.

"हे माजं नाय, शेट."

धर्माजीला वाटलं, मोजण्यात चूक झाली. देवू म्हणाला, मोजण्यात नाही, माणसात. "तू बोलला, चौक नाय तं लगीन नाय. माजा चौक नाय झाला. नवसी आली, राहिली. चार पोरं झाली. लगीन राहूनच गेलं."

पाड्यावर ही रीतच होती. मन जुळलं की दोघं एकत्र राहायला लागत आणि लग्न पैसा जमेल तेव्हा करत. मग त्याला दहा वर्षं लागोत, वीस लागोत. बापाचं आणि पोराचं लग्न एकाच मांडवात लागलेलंही पाड्यानं पाहिलं होतं, आणि त्यात कुणाला लाजबिज वाटत नसे. धर्माजी जन्मभर या पाड्यापासून एका कुंपणाच्या अंतरावर राहिला, पण देवूच्या बायकोला मुलं आहेत त्याअर्थी लग्न झालंच असणार, हे तो आपल्या घरावरून धरून चालला होता. देवू थट्टा करतोय की खरंच बोलतोय, हे तर त्याला बावीस वर्षांत कधी कळलं नव्हतं, आजही कळेना.

तेवढ्यात दुसरा बाप्या, लाडक्या, पुढं आला आणि त्यानंही साडेचार रुपये देवूच्या पैशांशेजारी ठेवले. त्याला तीन मुलं होती. धर्माजीनं घाईनं तिसऱ्याकडे पाहिलं. तिसरा रामा. साठीचा, पाठीत वाकलेला, वाडीतले कावळे आणि माकडं हाकायला ठेवलेला. त्याच्याकडून दुसरं काम होत नसे आणि एवढंही तो बसूनच करी. रामा विडी विझवून म्हणाला की माझं लग्न झालंय, शेट, चौक, धवलेरी, मांडव, सगळं. आणि त्यानं आपले नऊ रुपये कमरेला खोचले.

म्हणजे धर्माजीच्या स्वतःच्या नियमानं सात माणसांत बाप्या एकच उरला होता, आणि तो खोकत होता. देवूला दीड रुपया द्यावा, तर कोंबडीवाल्या जिवल्यालाही द्यायला हवा. जिवल्याला नाही म्हणावं, तर देवू आणि त्याचा पोरगा चिंतू एकाच मजुरीचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. धर्माजीनं ते पैसे उचलून देवूच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला. देवूनं हात मागं घेतले. बापाला दीड रुपया आणि तेच केलेल्या जिवल्याला बारा आणे, हे कसं, असं त्याला चिंतूनं घरी विचारलं होतं आणि त्याला उत्तर देता आलं नव्हतं. एवढं सांगून तो गेला.

सोमवारी वाडीत रामा तेवढा आला. बाकीचे सहाही ट्रकमध्ये चढून तारापूरला गेले होते.

मग धर्माजीनं धोतराचा काचा मारला आणि स्वतः फावडं घेतलं. मंगला एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला आणि रामा आंब्याखाली बसून दोघांना वाट दाखवायला. उजवीकडं वळव शेट, तिकडं नको, तिकडं परवा दिलंय, असं तो मधूनमधून सांगे आणि मग कावळ्यांना हाकारी. एकदा धर्माजीनं बांध फोडला तो भलत्या ठिकाणी, आणि निम्मं पाणी शेजाऱ्याच्या केळीला गेलं. शेजारी कुंपणावरून आभार मानून गेला. शिडीवर चढला तेव्हा वेल बांधायचं सोडून तो वेलीलाच धरून उभा राहिला, आणि खालून मंगला म्हणाली की अहो, खाली या, मला कुंकू लावायचंय अजून.

मंगळवारी त्याला कंबर सरळ करता येईना. बुधवारी दक्षिणेकडच्या चार ओळींची पानं पिवळट पडली. या वेली त्यानं लेकरासारख्या वाढवल्या होत्या. हेच काम जिवल्या रोज गाणं म्हणत करी, आणि शनिवारी आपण त्याच्या हातावर साडेचार रुपये ठेवून वर चाल राखल्याच्या गोष्टी सांगतो, हे त्याला पहिल्यांदा आपल्याच कमरेनं सांगितलं. त्याला लाज वाटली. पण लाजेनं वेलींना पाणी मिळत नसतं, आणि धर्माजी अजून शहाणपणा सोडायला तयार नव्हता.

बुधवारी दिवेलागणीला ट्रक परतल्यावर तो पाड्यावर गेला. देवूच्या अंगणात सगळे बसले होते, धुळीनं भुवयांपर्यंत पांढरे झालेले. रामाही होता. धर्माजीनं आपली युक्ती मांडली. देवूचं, लाडक्याचं, जिवल्याचं, कुणाकुणाचं राहिलं असेल त्या सगळ्यांचं लग्न एकाच मांडवात लावून टाकायचं. चौक होईल, धवलेरी येईल, तांदूळ-ताडी होईल. खर्च तो स्वतः करील, तो मजुरीतून जमेल तसा हळूहळू फिटेल. मग सगळेच बाप्ये आणि सगळ्यांना दीड रुपया. कुणाचं नुकसान नाही, नियमही शाबूत. "माझ्या बाबांनी या पाड्यावरची किती लगनं लावून दिली, इचारा रामाला," तो अभिमानानं म्हणाला.

नवसी चुलीपुढून उठली आणि आत निघून गेली. मग देवू बोलला, आणि या वेळी तो थट्टा करत नव्हता हे धर्माजीला लगेच कळलं.

"तुज्या बानं माज्या बाचं लगीन लावून दिलं, शेट. त्या पैशापायी बा तुमच्या वाडीत राबला, नुसता पोटावर. आय पन राबली. चौदा वरीस. बा मेला तरी फिटलं नवतं. रामा बारा वरीस राबला. मंग मी ठरवलं, बायको आनीन, पोरं करीन. लगीन नाय करनार."

लग्नासाठी पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबायचं, अशा माणसाला लग्नगडी म्हणत. ती चाल धर्माजीच्या तरुणपणीच मोडली होती, पाड्यापाड्यांवरच्या माणसांनी एक होऊन मोडली होती. धर्माजीला ते ठाऊक होतं. पण आपल्या घरात ती होती, असं त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्याच्या घरात तिला बाबांचा दानधर्म म्हणत. बाबांच्या श्राद्धाला दरवर्षी त्या लग्नांची आठवण निघे आणि सगळे माना डोलावत. त्यानं रामाकडे पाहिलं. रामा विडी ओढत दुसरीकडे बघत होता.

तो घरी आला आणि न जेवता ओटीवर बसला. मंगलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की सगळ्यांना सारखी मजुरी दिली तर किती जास्त लागेल. धर्माजीनं बोटांवर हिशेब केला. दीड रुपयावर आता कुणी येणार नाही, पावणेदोन तरी हवेत. म्हणजे आठवड्याला साडेअठ्ठावीस रुपये जास्त. एवढे आणायचे कुठून? दलाल देणार नाही, बाजार भेटत नाही, तेलवाला सोडत नाही. हे त्याचं रडगाणं खोटं नव्हतं. दर आठवड्याला साडेअठ्ठावीस रुपये म्हणजे वर्षाची सगळी शिल्लक जात होती. मंगला म्हणाली की रेडिओचं नाव मी काढत नाही, पण पिवळ्या पानांचा विडा तुम्ही कुणाला विकणार ते सांगा.

गुरुवारी पहाटे धर्माजी नाक्यावर गेला. ट्रक उभा होता आणि माणसं चढत होती. तीन दिवस चिखलात घालवल्यामुळे धोतर मातकट, दाढी वाढलेली, पायाला चिंधी बांधलेली, अशा अवतारात तो देवूला शोधत पुढं झाला. मुकादमानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ए चाचा, फावडा चलाएगा? सव्वादो रुपया."

दोन एकरांचा मालक तो, पण खरं सांगायचं तर क्षणभर त्यानं मनात आकडेमोडही केली. सव्वादोन रुपये रोज, वर तेलाची काळजी नाही, दलालाची पत्रं नाहीत. आणि लग्न झालंय का, हे तर त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. ट्रकमधून जिवल्यानं हे पाहिलं आणि तो एवढा हसला की शेजारच्याला धरून बसला.

धर्माजीनं मग ट्रकच्या चाकाशी उभं राहूनच सांगून टाकलं. पावणेदोन रुपये, सगळ्यांना. पोर नाही, बाप्या नाही, जो माणसाचं काम करील त्याला माणसाची मजुरी. देवूनं वरूनच विचारलं, ते लग्नाचं काय? धर्माजी म्हणाला, ते तुमचं तुम्ही बघा, मी परत कुणाच्या चौकात पाय टाकायचा नाही. ट्रकमध्ये थोडी कुजबुज झाली. तिकडे पन्नास पैसे जास्त होते, पण दिवसभर उन्हात खडी आणि घरी यायला दिवेलागण. इकडे वेलींची सावली होती आणि सूर्य असताना घर होतं. आधी देवू उतरला, मग लाडक्या, मग पोरं. जिवल्या सगळ्यांत शेवटी उतरला, कारण त्याचं हसणं अजून संपलं नव्हतं. मुकादम चिडून म्हणाला की हा चाचा माणसं पळवायला आला होता. ते खरंच होतं.

पिवळ्या पडलेल्या चार ओळी गेल्या त्या गेल्याच. बाकीच्या वाचल्या. जिवल्यानं दोन दिवसांत दक्षिणेचा कोपरा नव्यानं बांधून काढला, आणि धर्माजी त्याला शिडीवर बघून एकदाच म्हणाला की जपून.

शनिवारी सगळे मजुरीला जमले. धर्माजीनं एकेकाच्या हातावर साडेदहा रुपये ठेवले, म्हणजे ठेवताना जीव थोडा खालीवर झाला, पण ठेवले. आठवड्यात तीन दिवस ते नव्हतेच याची आठवण त्याला आली, ती त्यानं गिळून टाकली. देवूनं मोजून सगळे कमरेला लावले. चिंतूनं बापाच्या हातात किती आले ते पाहिलं, आपल्या हातात किती आले ते पाहिलं आणि हसला. जिवल्या तर पैसे न मोजताच कमळीला दाखवायला पळाला.

शेवटचा रामा. त्याचेही दीडचे पावणेदोन झाले होते. पैसे घेऊन झाल्यावरही तो जाईना. तो तिथंच ओटीच्या पायरीशी बसला आणि बराच वेळ जिवल्या गेला त्या वाटेकडे बघत राहिला. धर्माजीनं विचारलं, कमी आहेत का? रामानं मान हलवली.

"कमी नाय, शेट. ह्या पोरांना आता लगनाबिगर पुरी मजुरी. बरं झालं. मी तं पुऱ्या मजुरीपायी लगीन केलं, आनि त्या लगनापायी बारा वरीस राबलो. मंग माजी ती बारा वर्सं कशापायी गेली?"

उरलेल्या गड्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय, आणि ते हसले. धर्माजीही हसायला गेला, पण रामा हसत नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायची त्याची तयारी होती. हे कोणत्या आकड्यानं मोजायचं, ते धर्माजीला ठाऊक नव्हतं. बाबा असते तर त्यांनाही ठाऊक नसतं. त्यानं पैशाची पिशवी उघडली आणि पुन्हा मिटली.

एवढ्यात मंगला आतून चहा घेऊन आली. गड्यांना चहा बाहेरच्या पत्र्याच्या डब्यात मिळे. आज तिनं घरातली कपबशी आणली होती, आणि रामाला हाताला धरून पायरीवरून वर ओटीवर बसवलं. रामा बशीत ओतून सावकाश चहा प्यायला. बशी खाली ठेवली. तोंड पुसलं.

"च्या चांगला हाय," तो म्हणाला. "पन बारा वर्सांचा नाय."

मंगलानं कप उचलला आणि ती पुन्हा भरून आणायला आत गेली.